जत्रेचं मटण उरलं? पहिले दोन तास सांभाळा, पुढची तीन जेवणं निघतात

चैत्र-वैशाख म्हणजे गावोगावच्या जत्रा-यात्रांचा हंगाम. पहिल्या दिवशी पालखी, छबिना आणि देवाला गोडा नैवेद्य; दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड आणि घरोघरी खारं जेवण. पाव्हणे किती येणार याचा कुणालाच नेम नसतो. मटण कमी पडलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात, म्हणून प्रत्येक घर अंदाजापेक्षा किलो-दोन किलो जास्तच आणतं. मग दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची पंगत उठते आणि पातेल्यात चांगलं चार बोटं मटण शिल्लक राहतं.

पुढे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. दमलेल्या बायका पातेल्यावर ताट झाकून जरा आडव्या होतात आणि ते मटण तसंच चुलीशेजारी रात्रीपर्यंत, कधी कधी दुसऱ्या सकाळपर्यंत पडून राहतं. सकाळी एक उकळी काढून सगळे खातात आणि संध्याकाळपर्यंत घरातली दोन माणसं जुलाबाने हैराण होतात. नाहीतर दुसरी गोष्ट, भीतीपोटी सगळं कुत्र्यांपुढे जातं. मटणाने किलोमागे सातशे रुपयांचा टप्पा कधीच ओलांडला आहे. दीड किलो मटण फेकलं तर हजार रुपयांच्या वर मातीत गेले.

या दोन्हींच्या मधला रस्ता आहे. उरलेल्या मटणाचं काय होणार, हे दुसऱ्या दिवशीच्या फोडणीवर ठरत नाही. पंगत उठल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ते ठरून जातं. तेवढे दोन तास सांभाळले, तर त्याच मटणातून आणखी दोन-तीन जेवणं आरामात निघतात.

दोन तासच का?

मटण शिजताना बहुतेक जंतू मरतात, पण सगळे नाही. काही जंतू बीजासारखं कठीण कवच करून उकळत्या रश्श्यातही तग धरतात. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ हा त्यातलाच एक. मोठ्या पातेल्यातलं मटण सावकाश कोमट होत गेलं की हा जंतू जागा होतो आणि वाढायला लागतो. मोठ्या जेवणावळीनंतर सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात, त्यामागे अनेकदा हाच असतो.

अन्नासाठी ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा धरला जातो. त्यापेक्षा गरम ठेवलं तर जंतू वाढत नाहीत, त्यापेक्षा थंड ठेवलं तर त्यांची वाढ फार मंदावते. मध्ये कुठेही ठेवलं तर त्यांची चंगळ. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात पारा ४० वर गेला असेल तर दोन तासही जास्त होतात. अशा दिवसांत एका तासाच्या आतच हालचाल करावी.

दुसरा धोका हाताचा. वाढताना, तुकडे निवडताना हातावरचे, जखमेवरचे ‘स्टॅफिलोकोकस’ जंतू मटणात जातात. कोमट मटणात ते वाढतात आणि विष सोडतात. नंतर मटण उकळलं की जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. “सकाळी खळखळून उकळी काढली होती, तरी उलट्या झाल्या,” असं अनेक घरांत ऐकू येतं, त्याचं कारण हे आहे.

वासावर तर अजिबात विसंबू नये. मटण आंबट झालं, तार सुटली, वरून फेस आला तर ते नासलं हे कुणीही सांगेल. पण माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे दरवेळी वास येतोच असं नाही. चवीला फक्कड लागणारं मटणही पोट बिघडवू शकतं.

पंगत उठल्यावर लगेच काय करायचं?

सगळ्यात आधी ताटातलं आणि पातेल्यातलं वेगळं करा. ताटात वाढलेलं, हात लागलेलं मटण ठेवायचं नाही. ज्या पातेल्यात फक्त डाव किंवा पळी गेली, तेवढंच शिल्लक धरायचं.

मग मटण आणि रस्सा वेगळा करा. झाऱ्याने तुकडे काढून एका डब्यात आणि रस्सा दुसऱ्यात. असं केलं की दोन्ही लवकर गार होतात आणि दुसऱ्या दिवशी वेगवेगळे पदार्थ करायला सोपं जातं.

मोठं पातेलं तसंच गार होऊ देणं ही सगळ्यात मोठी चूक. पंधरा-वीस लिटरच्या पातेल्यातला रस्सा वरून गार लागला तरी मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. त्यापेक्षा पसरट, उथळ डबे घ्या. मटणाचा थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको. परातीत किंवा घमेल्यात गार पाणी घेऊन त्यात डबा ठेवा, मधून मधून ढवळा आणि पाणी कोमट झालं की बदला. जत्रेत सरबतवाल्याकडे बर्फाची लादी मिळतेच, त्यातला तुकडा पाण्यात टाकला तर काम आणखी लवकर होतं. वाफ कमी झाली की डबा फ्रीजमध्ये.

“गरम भांडं ठेवलं की फ्रीज बिघडतो” या समजापायी अनेक घरांत मटण संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहतं. उकळतं पातेलं फ्रीजमध्ये ढकलू नये हे खरं, कारण त्याने शेजारचं दूध-दहीही तापतं. पण पूर्ण गार होण्याची वाट बघत बसायची गरज नाही. छोट्या डब्यातलं कोमट मटण फ्रीजला झेपतं.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. टोमॅटो, चिंच, कोकम किंवा दही पडलेला रस्सा आंबट असतो. तो ॲल्युमिनियमच्या टोपात किंवा कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवला तर धातू त्यात उतरतो.

किती दिवस टिकतं?

* फ्रीजच्या खालच्या भागात : तीन दिवस, फार तर चार. डब्यावर तारीख लिहून चिकटवली तर वाद राहत नाही.
* फ्रीझरमध्ये, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात : मटण दगडासारखं गोठत असेल तर दोन-तीन महिने चव टिकते. एका वेळेला लागेल तेवढ्याच पुड्या कराव्यात.
* पांढरा रस्सा आणि ओल्या नारळाचं वाटण घातलेलं मटण : हे लवकर आंबतं. दुसऱ्या दिवशीच संपवावं.
* वजडी, रक्ती, कलेजी : हे त्याच दिवशी खाऊन मोकळं व्हावं. शिल्लक ठेवण्याचा माल नव्हे.
* तांबडा रस्सा, सुकं मटण : तेल-मसाला जास्त असला तरी तीन-चार दिवसांचा नियम यालाही लागू. तिखट आणि तेलामुळे जंतू मरत नाहीत.

लाइट गेली तर? फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद ठेवल्यास दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. शेतातल्या वस्तीवर लाइट आठ-आठ तास जाते, तिथे खालच्या कप्प्यातलं मटण ‘फ्रीजमध्ये होतं’ एवढ्यावर सुरक्षित धरू नये. दार उघडल्यावर डबा हाताला गार लागला नाही आणि लाइट कधी गेली ते कुणालाच माहीत नाही, असं असेल तर ते मटण सोडून द्यावं.

घरात फ्रीजच नसेल तर?

जुन्या बायका रात्री रस्सा खळखळ उकळायच्या, झाकण ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा उकळायच्या. थंडीच्या दिवसांत यावर अनेक घरांनी वर्षं काढली. पण उन्हाळ्यात रात्रीसुद्धा हवा तापलेली असते आणि दोन उकळ्यांच्या मधले सात-आठ तास मटण कोमटच राहतं. त्यामुळे वैशाखात या पद्धतीवर भरवसा ठेवू नये.

संध्याकाळपर्यंत मटण खायचं असेल तर ते कोमट ठेवण्यापेक्षा गरम ठेवणं बरं. निखाऱ्यावर किंवा बारीक गॅसवर पातेलं असं ठेवायचं की सतत वाफ निघाली पाहिजे. बोट सहज बुडवता येत असेल तर ते पुरेसं गरम नाही. राखेच्या उबेवर ठेवलेलं पातेलं म्हणजे जंतूंना अंथरूण घालून दिल्यासारखं आहे.

माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्याने पाणी गार होतं, मटण सुरक्षित होत नाही. तेवढा गारवा ५ अंशांच्या आसपासही जात नाही.

मटण उन्हात वाळवावं का, असंही काही जण विचारतात. मांस वाळवून टिकवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. मराठवाड्यात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना ‘चान्या’ म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात तिथल्या दलित घरांतल्या अशा खाद्यपद्धतींची नोंद आहे. पण चान्या कच्च्या मांसाच्या पातळ पट्ट्यांच्या असतात आणि कडक उन्हात खडखडीत वाळवाव्या लागतात. मसाला, तेल, वाटण लागलेलं शिजवलेलं मटण तसं वाळत नाही. ते उन्हात नासतं आणि वर माश्या बसतात.

फ्रीज नसलेल्या घरासाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वाटून टाकणं. पंगत उठल्यावर तासाभरात शेजारी, वाड्यातली म्हातारी माणसं, रानातल्या मजुरांच्या घरी डबे गेले तर मटण गरम असतानाच पोटात जातं. दुसऱ्या दिवशी शिळं वाटण्यात पुण्य नाही.

उरलेल्या मटणाचे सहा पदार्थ

आधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मटण आधीच शिजलेलं आहे. पुन्हा कुकरच्या चार शिट्ट्या काढल्या तर त्याचा दोरा होईल. नुसतं आतपर्यंत कडकडीत तापलं पाहिजे. दुसरी, त्यात मीठ-मसाला आधीच आहे. नवीन मीठ चव बघूनच घाला.

फ्रीजमधून काढलेल्या रश्श्यावर चरबीचा पांढरा थर जमलेला दिसतो. बोकडा-मेंढ्याची चरबी साध्या हवेतही गोठते, म्हणून गार मटण तोंडात मेणासारखं चिकटतं. हा थर चमच्याने काढून घ्या. त्यातला थोडा फोडणीला तेलाऐवजी वापरता येतो.

१. परतून सुकं मटण
अर्धा किलो तुकड्यांसाठी दोन मोठे कांदे उभे चिरून दोन पळ्या तेलात लालसर परता. मूठभर किसलेलं सुकं खोबरं घाला, खमंग वास आला की चमचाभर कांदा-लसूण मसाला. लगेच मटणाचे तुकडे आणि डावभर रस्सा टाका. मोठ्या आचेवर रस्सा आटून तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं परता. वरून कोथिंबीर. ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा असला की दुसरं काही लागत नाही.

२. मटणाचा चुरा, खिम्यासारखा
तुकडे हाडं बाजूला काढून बोटांनी मोकळे करा. बारीक हाडाचा तुकडा राहत नाही ना, हे नीट बघा. लहान पोरांच्या घशात तोच अडकतो. कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण आणि एक टोमॅटो परतून त्यात हा चुरा घाला. पाहुणे जास्त आणि मटण कमी असेल तर शिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा मटार मिसळा. दोन अंडी फोडून टाकली तर पाव किलो मटणात पाच माणसं जेवतात. उरला तर चपातीत गुंडाळून मुलांना देता येतो.

३. मटण भात
इथे भात ताजाच हवा. शिळा भात आणि शिळं मटण एकत्र करणं म्हणजे धोका दुप्पट, कारण बाहेर राहिलेल्या भातातही विष सोडणारा जंतू वाढतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन निथळा. कांदा, तमालपत्र, लवंग, दालचिनीच्या फोडणीत तांदूळ परता. अळणी शिल्लक असेल तर ती, नाहीतर रस्सा आणि पाणी मिळून चार वाट्या उकळतं घाला. तांदूळ पाऊण शिजला की मटणाचे तुकडे वर ठेवा, झाकण लावा आणि बारीक आचेवर दहा मिनिटं वाफ आणा. कोलमसारखा मोकळा होणारा तांदूळ घ्या. इंद्रायणीचा गोळा होतो.

४. रश्श्यात डुबुक वड्या
अनेकदा मटण संपतं आणि रस्साच तेवढा राहतो. खानदेश-विदर्भाकडची डुबुक वड्यांची रीत इथे कामाला येते. वाटीभर बेसनात तिखट, मीठ, ओवा, चिमूटभर हळद आणि बेताचं पाणी घालून घट्ट भिजवा. रश्श्यात गरम पाणी घालून तो पातळ करा, उकळी फुटली की पिठाच्या छोट्या वड्या हाताने सोडा. दहा-बारा मिनिटांत वड्या शिजून वर येतात आणि रस्सा आपोआप दाटतो. बेसन नको असेल तर उकडलेली अंडी, बटाट्याच्या मोठ्या फोडी, शेवग्याच्या शेंगा किंवा मोड आलेली मटकीही याच रश्श्यात चालते. दाटपणासाठी मराठवाड्यात चमचाभर येसर लावतात.

पांढरा रस्सा तापवताना मात्र मंद आच ठेवा आणि सतत ढवळा, नाहीतर नारळाचं दूध फाटतं. फाटलं तर बिघडलं असं समजू नका, चव थोडी उतरते इतकंच.

५. भाजलेल्या मटणाचं तव्यावरचं
जाळावर किंवा निखाऱ्यावर भाजलेलं मटण उरलं तर ते दुसऱ्या दिवशी कोरडं आणि चिवट लागतं. त्याचे मोठे तुकडे तसेच तापवू नका. धारदार सुरीने रेषेला आडवे पातळ काप करा. रेषा तुटल्या की चावायला मऊ होतं. तव्यावर तेल, उभा कांदा आणि मिरची परतून त्यात हे काप टाका, दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा. पाण्याची वाफ मटणात शिरते. शेवटी लिंबू पिळा. अगदीच वाळून गेलेलं मटण असेल तर ते परतण्यात वेळ न घालवता रश्श्यात दहा मिनिटं उकळून घ्यावं.

६. टिक्की
पाव किलो मोकळं केलेलं मटण, दोन उकडलेले बटाटे, दोन चमचे डाळ्याचं पीठ, मिरची-लसणाचा ठेचा आणि कोथिंबीर एकत्र मळा. चपट्या टिक्क्या करून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. टिक्की फुटत असेल तर एक अंडं घाला. टिक्की पातळ ठेवा, म्हणजे आतपर्यंत तापते.

हाडांचंही काम होतं. पातेल्यातली स्वच्छ हाडं, ताटातली उष्टी नव्हे, दीड लिटर पाण्यात हळद, आलं आणि मिरी घालून अर्धा-पाऊण तास उकळा. गाळून घेतलेलं पाणी भाताला, आमटीला किंवा नुसतं प्यायलाही चांगलं.

पुन्हा तापवताना

जेवढं खायचं तेवढंच डब्यातून काढा आणि तापवा. रस्सा असेल तर खळखळून उकळी यायला हवी. सुकं असेल तर तुकडा मध्ये तोडून बघा, आतूनही वाफ निघाली पाहिजे. अन्न सुरक्षेच्या नियमांत हे तापमान आतल्या भागात ७५ अंश धरलं आहे. एकदा तापवलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा तापवू नये. गोठवलेली पुडी ओट्यावर ठेवून वितळवू नका. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, नाहीतर गोठलेलीच थेट रश्श्यात टाकून उकळा.

गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, साखरेचे रुग्ण यांना उरलेलं देताना जास्त काळजी घ्यावी. शंका असेल तर त्यांच्यासाठी वेगळी आमटी-भाकरी केलेली बरी.

पाव्हण्यांच्या डब्याचं काय?

जत्रेला आलेल्या लेकी-जावयांना मटणाचा डबा बांधून देण्याची पद्धत आहे. प्रेम खरं, पण दुपारी दोनला भरलेला डबा एसटीत उन्हात चार-पाच तास तापत पुण्या-मुंबईला पोचतो आणि रात्री नऊला उघडला जातो. म्हणजे सात तास धोक्याच्या पट्ट्यात. डबा द्यायचाच तर रस्सा देऊ नका. सुकं मटण आदल्या रात्री गोठवून, कागदात आणि टॉवेलमध्ये गुंडाळून, शेजारी बर्फाची बाटली ठेवून द्या आणि पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये टाकायला सांगा. ते जमत नसेल तर घरचा कांदा-लसूण मसाला आणि सुकं खोबरं बांधून द्यावं. लेक तिथे ताजं करून खाईल.

पोट बिघडलंच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिलं काम शरीरातलं पाणी टिकवणं. ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळा आणि घोट घोट देत राहा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नयेत, लहान मुलांना तर नाहीच.

पुढीलपैकी काही दिसलं तर घरी थांबू नका :

* शौचातून रक्त पडणं किंवा जोराचा ताप
* पाणीसुद्धा पोटात न टिकणं
* लघवी बंद होणं, तोंड कोरडं पडणं, डोळे खोल जाणं
* मूल मलूल होणं, झोपेतून नीट न उठणं
* नजर अंधुक होणं, बोलताना जीभ अडखळणं

अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. एकाच पंगतीतल्या बऱ्याच जणांना त्रास होत असेल तर लाजून लपवू नका. कुणी काय, किती वाजता खाल्लं हे डॉक्टरांना सांगा. उरलेलं मटण फेकून न देता झाकून बाजूला ठेवा, तपासणीला ते लागतं.

टाकायचंच असेल तर नीट टाका

खराब झालेलं मटण गावाच्या कडेला, ओढ्यात किंवा उसाच्या बांधावर टाकू नये. त्यावर भटकी कुत्री जमतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरसारख्या बिबट्याच्या भागात कुत्र्यांच्या मागे बिबट्याही वस्तीजवळ येतो. हात-दीड हात खोल खड्डा करून पुरून टाका, वर माती आणि दगड ठेवा. शिजलेली हाडं पाळलेल्या कुत्र्यालाही देऊ नका. ती चिरफळते आणि घशात, आतड्यात टोचते.

गुरांच्या गव्हाणीत तर जेवणावळीचं उरलेलं काहीच घालू नये. मांस-हाडं हे गाईचं खाणं नव्हे. आणि पाटीभर भात, भाकरी, पीठ एकदम खाल्लं तर गाई-म्हशीच्या पोटात आम्ल वाढून जनावर एका दिवसात आडवं पडतं. मटणाचे हजार रुपये वाचवायला जाऊन दुभतं जनावर गमावण्याची पाळी येते.

पुढच्या जत्रेला

मटण उरू नये यासाठीही थोडं करता येतं. जत्रेच्या जेवणाला माणशी साधारण पाव किलो कच्चं मटण पुरतं, मुलांना त्याच्या निम्मं. सगळं एकाच मोठ्या पातेल्यात शिजवण्यापेक्षा दोन पातेल्यांत करावं. दुसरं पातेलं पहिलं संपत आल्यावरच उघडायचं. ज्या पातेल्यात पळी गेलीच नाही, ते मटण गार करून ठेवायला सगळ्यात चांगलं. वाटण जास्त करून ठेवलं तरी चालतं. ऐनवेळी पाव्हणे वाढले तर खाटिकाकडून किलोभर ताजं आणून अर्ध्या-पाऊण तासात कुकरला लावता येतं.

आणि घरातल्या कुणा एकाला, पुरुष असला तरी हरकत नाही, आधीच सांगून ठेवावं की पंगत उठली की डबे भरायचं काम त्याचं. पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या बाईने तेही करावं अशी अपेक्षा धरली, तर पातेलं झाकलेलंच राहणार.

थोडक्यात

* पंगत उठल्यावर दोन तासांत, कडक उन्हाळ्यात एका तासात मटण फ्रीजमध्ये.
* मोठं पातेलं नको. उथळ डबे, खाली गार पाणी.
* तुकडे वेगळे, रस्सा वेगळा, ताटातलं बाद.
* तीन-चार दिवसांत संपवा. पांढरा रस्सा दुसऱ्याच दिवशी.
* एकदाच तापवा, उकळी फुटेपर्यंत.
* रात्रभर बाहेर राहिलेलं मटण कितीही उकळलं तरी खाऊ नका.